मधल्या खोलीतली भिंत

मिस्त्री सकाळी आला. त्याने भिंतीला भोक पाडलं. सुनंदाने त्याला थांबायला सांगितलं आणि ती चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली. मी नई सडकेच्या बाजारात होतो. घरी आलो तेव्हा ती वारली होती.

त्या दिवसाचं याहून अधिक मला नीट सांगता येत नाही. सुनंदा माझी पत्नी. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मुलगा आला, सून आली, शेजाऱ्यांनी खुर्च्या आणल्या. त्या कुठे मांडायच्या हे कुणाला कळेना, कारण खोलीतलं सगळं सामान भिंतींपासून ओढून मधोमध आणलेलं होतं आणि त्यावर जुन्या चादरी टाकलेल्या होत्या. माणसं त्या ढिगाभोवती उभी राहिली. माझ्या हातात गोट्याची, म्हणजे चकचकीत जरीच्या किनारीची, पुडी होती. महालक्ष्म्यांच्या साड्यांना लावायला सुनंदाने तो मागवला होता. ती पुडी तुम्ही संध्याकाळपर्यंत हातातून सोडली नाहीत, असं सून नंतर सांगत होती. मला ते आठवत नाही. मला आठवतो तो भिंतीतून पडलेला चुना. त्यावरून लोक चपला न घालता चालत होते आणि आतल्या काळ्या फरशीवर पांढरी पावलं उमटत होती.

आता पुन्हा भाद्रपद आला आहे.

ग्वाल्हेरचा भाद्रपद काही धड नसतो. पाऊस संपत आलेला असतो, पण गेलेला नसतो. ऊन पडतं ते चटका देणारं, आणि सावलीत गेलं तरी अंगाला घाम चिकटून राहतो. इथले लोक त्याला उमस म्हणतात. आम्ही मराठी घरांतही उमसच म्हणतो, कारण दुसरा शब्द सुचेपर्यंत पुन्हा घाम आलेला असतो. कपाटांची दारं फुगून बसतात. कूलरच्या गवताला शेवाळाचा वास सुटतो. पुस्तकांची पानं मऊ पडतात आणि उलटताना आवाज करत नाहीत. मी सगळी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात केली, त्यामुळे हा महिना मला डोळे मिटूनही ओळखता येतो. पण आमच्या घरी त्या वासात आणखी एक वास मिसळलेला असे, ओल्या सिमेंटचा. कारण दर वर्षी या दिवसांत सुनंदा घरात काहीतरी फोडायची.

राखी झाली की तिची नजर बदले. जेवताना ती माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत राही. मी काही सांगत असलो तर ‘हं, हं’ करी, आणि मध्येच उष्ट्या हाताने उठून डाव्या हाताच्या पेराने भिंतीवर टकटक करून बघे. मला कळायचं, यंदा या भिंतीचं काही खरं नाही. मग एके दिवशी ती मला म्हणे, ‘अहो, तुम्ही जरा नई सडकेवर जाऊन या. इथं धुळीत खोकत बसाल.’ मी पिशवी घेऊन निघे. परत येईपर्यंत एखादं दार खिडकी झालेलं असे किंवा खिडकी कपाट. ती मला आधी कधी सांगत नसे. भिंत पडल्यावर सांगे. तेव्हा विरोध करण्यासारखं काही उरलेलं नसे.

याच दिवसांत का, तर तिच्याकडे दोन कारणं होती. एक म्हणजे पावसाळ्यात बाहेरची बांधकामं थांबतात, मिस्त्री रिकामे असतात आणि बोलावलं की येतात. दुसरं कारण महालक्ष्म्या.

गौरींना आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात. आमचं घराणं दक्षिणेतून इकडे आलं त्याला इतक्या पिढ्या झाल्या की नेमक्या कोणत्या गावाहून, ते आता कुणी ठामपणे सांगत नाही. भाषेत हिंदी शिरली, ताटात कचौरी आली, पण महालक्ष्म्यांची रीत तेवढी जशीच्या तशी राहिली. घरची सून मुखवटा सुपात घेऊन दारातून आत येते. फरशीवर कुंकवाची पावलं काढलेली असतात. मागे कुणीतरी चमच्याने ताटली वाजवत असतं. घरातल्या एकेका जागेपुढे ती थांबते आणि विचारते, ‘इथं काय आहे?’ उत्तर घरच्या कर्त्या पुरुषाने द्यायचं. ‘इथं धान्य आहे.’ त्यावर ती म्हणते, ‘उदंड असो’, आणि पुढच्या जागेपाशी जाते. स्वयंपाकघर, देवघर, पैशाचं कपाट, झोपायची खोली, पाण्याची जागा. असं सगळं घर दाखवून झालं की मगच त्यांना मखरात बसवायचं. नियम एकच. त्या घरातून फिरत असताना ‘नाही’ हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही.

‘वर्षातून एकदा येतात बिचाऱ्या,’ सुनंदा म्हणे. ‘दर वर्षी तेच घर दाखवायचं का त्यांना?’

तिच्या या हौसेचा त्रास फक्त मला व्हायचा, कारण उत्तरं मला द्यायची असत. मी तोंडपाठ करणारा माणूस. वडिलांच्या वेळी जी उत्तरं ऐकली ती माझ्या जिभेवर बसली होती. ज्या वर्षी तिने धान्याच्या कोठ्या जिन्याखाली नेल्या आणि त्यांच्या जागी कपडे धुण्याचं यंत्र बसवलं, त्या वर्षी मी त्या यंत्राकडे बघत मोठ्याने म्हणालो, ‘इथं धान्य आहे.’ सुनंदाच्या हातात महालक्ष्मी. तिला ‘नाही’ म्हणता येईना. ओठ घट्ट मिटून ती क्षणभर थांबली आणि ‘उदंड असो’ म्हणून पुढे गेली. मग वर्षभर बादलीभर कपडे निघाले की ती म्हणायची, ‘घ्या, तुमचं धान्य.’ आणखी एका वर्षी तिने माझी पुस्तकांची कपाटं देवघराच्या जागी आणली आणि देव बाहेरच्या खोलीत नेले. मी सवयीने म्हणालो, ‘इथं देव आहेत.’ मागे ताटली वाजवणारी माझी थोरली बहीण, अक्का, हात न थांबवता म्हणाली, ‘बरोबर आहे. ह्याचे देव तेच.’

घर वडिलांनी बांधलेलं, इंदरगंजाच्या मागच्या गल्लीत. दगडी भिंती हातभर जाड, वर छताला दगडाच्या पटिया, म्हणजे लांब फरश्या. ‘तुमच्या वडिलांना दगड स्वस्तात मिळाला असणार, खिडक्या महाग पडल्या असणार,’ असं सुनंदा लग्न होऊन आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात म्हणाली होती. खोल्या एकामागे एक. पुढच्या खोलीला गल्लीचा उजेड, मागच्या स्वयंपाकघराला आंगणाचा, आणि मधल्या खोलीला एका बाजूला शेजाऱ्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला अंधाऱ्या व्हरांड्याची. तिथे दिवसाही दिवा लावावा लागे. माझ्या आईचा त्याला विरोध नव्हता. तिला अंधारात सगळं सापडायचं.

पहिला फेरफार ओट्याचा. त्याआधी स्वयंपाक खाली बसून होई. सुनंदाने ओटा बांधून घेतला, वर कडप्पा बसवला, आणि पहिले काही दिवस आई त्या ओट्यावर चढून मांडी घालून बसली आणि तिने तिथे पोळ्या लाटल्या. खाली उभी असलेली सुनंदा तव्यावरची पोळी उलटायची. दोघींपैकी कुणीही यात काही वेगळं आहे असं दाखवलं नाही. मी दारातून ते बघितलं आणि कॉलेजला निघून गेलो. आज ते दृश्य मला एखाद्या देवळातल्या शिल्पासारखं आठवतं, एक उंचावर बसलेली आणि एक उभी. पण त्यात कोण जिंकत होतं हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

मग गल्लीकडची खिडकी. ती उघडली तेव्हा सुनंदा दोन दिवस तिच्यापाशीच बसून भाजी निवडत होती. मग हलवायाच्या तेलाचा वास यायला लागला, पलीकडच्या नवराबायकोचं भांडण शब्दन् शब्द ऐकू यायला लागलं, आणि पुढच्या भाद्रपदात ती खिडकी तिनेच बुजवून टाकली. ‘त्यांचं मिटेपर्यंत बंद,’ म्हणाली. त्यांचं मिटलं की नाही कोण जाणे, खिडकी पुन्हा उघडली नाही. गच्चीवर पाण्याची टाकी बसवली तेव्हा किल्ला दिसेनासा झाला. आमच्या गच्चीवरून किल्ला दिसतो याचा आम्हाला काही अभिमान नव्हता. शहराच्या आमच्या भागात, लष्करमध्ये, तो कुठल्याही गच्चीवरून दिसतो. पण दिसेनासा झाल्यावर आम्ही दोघंही गच्चीवर गेलो की मान वाकडी करून टाकीच्या बाजूने बघायला लागलो. वर्षभर तसं बघून झाल्यावर तिने टाकी सरकवली.

आणि सामान तर दर थोड्या दिवसांनी हले. पलंगाचं डोकं पूर्वेला, मग दक्षिणेला. आरामखुर्ची पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत, तिथून जिन्याच्या चौथऱ्यावर. ‘अहो, सरका जरा,’ हे वाक्य तिने मला किती वेळा म्हटलं असेल. मी पुस्तकासकट उठून उभा राही, माझ्याखालची खुर्ची जाई, आणि मी वाचलेली ओळ शोधत तसाच उभा. ग्रंथालयात आम्ही नव्या मुलांना सांगायचो की पुस्तक चुकीच्या जागी ठेवलं की ते हरवलं, मग ते त्याच इमारतीत का असेना. सुनंदाला हे मी एकदा सांगून बघितलं. ती म्हणाली, ‘पण शोधताना दुसरं एखादं मिळत असेल की.’

मिळायचं, हे मला कबूल करावं लागलं.

आता मात्र मला या घरात काहीच नेमकं सापडत नाही. संध्याकाळी अंधारायला लागलं की मी दिव्याचं बटण शोधतो आणि माझा हात दाराच्या डाव्या बाजूला जातो, जिथून ते बटण कधीच हललेलं आहे. जेवून उठलो की पाय जुन्या मोरीकडे वळतात. परवा मी पुढच्या खोलीत छत्री टेकवून ठेवली आणि ती धाडकन पडली, कारण तिथे आता कोपरा नाही, तिथे दार आहे. गंमत अशी की सुनंदा असताना मी इतका चुकत नव्हतो. दर बदलाला काही दिवस धडपडे आणि मग शिके. आता सगळी घरं एकदम आठवतात. ओट्याआधीचं, खिडकीचं, खिडकी बुजवल्यानंतरचं, पलंग दक्षिणेला होता तेव्हाचं. मी कुठल्या घरातून चालतो आहे ते मला पाऊल टाकेपर्यंत कळत नाही. यातलं खरं घर कोणतं, असं मी स्वतःला विचारतो तेव्हा उत्तर येत नाही. आणि यात सुधारणा किती झाली आणि नुसती हालचाल किती, हेही मला सांगता येत नाही. खिडकी उघडली, बुजवली. टाकी बसवली, सरकवली. तरी दर वर्षी ती म्हणायची, ‘आता बघा, किती छान झालं.’ आणि दर वर्षी मला ते खरंच छान वाटायचं.

तर, ते भोक.

ते मधल्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीत आहे. माझ्या छातीच्या उंचीवर. वीतभर उंच, थोडं जास्त रुंद, कडा ओबडधोबड. गेल्या वर्षी सुतकात महालक्ष्म्या आल्या नाहीत आणि मिस्त्रीला पुन्हा बोलवायचं कुणाला सुचलं नाही. माझी सून ऋचा हिने त्यावर एक कॅलेंडर टांगलं. स्वयंपाकघरातला वारा आला की ते कॅलेंडर खालून उचलल्यासारखं हलायचं. मी मधल्या खोलीत बसलेलो असलो की पलीकडून कुकरची शिटी, भांडी, ऋचाच्या मोबाइलवरची गाणी ऐकू येत. गाणी हिंदी, आणि त्यांच्याबरोबर ती स्वतःशी जे बोलते तेही हिंदी. निखिल, म्हणजे माझा मुलगा, आणि ती, दोघं नोकरीवर जातात. सकाळी घाई असते. पूर्वी सुनंदा चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून निघून आंगण, व्हरांडा, पुढची खोली असा वळसा घालून मधल्या खोलीत माझ्यापर्यंत यायची, कारण मधल्या खोलीला स्वयंपाकघरातून थेट दार नव्हतं. हा वळसा तिला आयुष्यभर पडला.

हिवाळ्यातल्या एका सकाळी कॅलेंडर बाजूला झालं आणि त्यातून आवाज आला, ‘बाबा, कप पकड़िए, गरम है.’ ऋचाचा हात भिंतीत कोपरापर्यंत आत आलेला. मी इकडून हात घातला आणि कप घेतला. थोडा चहा दगडावर सांडला. दुसऱ्या दिवसापासून तोच रस्ता झाला. चहा येई, कधी पोळीचा रोल, कधी ‘बाबा, गॅसवर दूध आहे, पाच मिनिटांत बंद करा हां, मी नाहायला चालले.’ मी उत्तर देताना भोकाकडे तोंड करून बोलायला लागलो. आम्ही दोघं समोरासमोर आलो की मात्र काय बोलावं ते सुचत नसे.

वर्षश्राद्ध झालं आणि अक्का शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मुरारहून आली. ती माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी, पण ऑटोवाल्याशी भाड्यावरून अजून स्वतःच भांडते. तिने पाय धुतले, सगळ्या घरातून एक चक्कर मारली आणि भोकापाशी थांबली.

‘हे अजून असंच?’

‘असंच आहे.’

‘महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या. त्यांना काय दाखवणार, हे? घरात त्या यायच्या आणि भिंतीला भगदाड. बुजव ते.’

‘बुजवायचं कसं, अक्का? तिने काहीतरी करायला घेतलं होतं ना.’

‘काय करायला घेतलं होतं?’

 वर्षभर मलाही हाच एक प्रश्न पडलेला होता. ते भोक म्हणजे तिने शेवटची सुरुवात केलेली गोष्ट. ती पुरी करणं एवढं एकच काम तिच्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात उरलं होतं, आणि ती गोष्ट काय होती हेच मला माहीत नव्हतं. चुकीचं काही बांधून ठेवलं तर ते माझं होईल, तिचं राहणार नाही.

अक्काने स्वतःच उत्तर दिलं. ‘मला ती म्हणाली होती, देव्हारा आत आणायचाय, कोनाडा करणार. म्हणजे आरपार जायचंच नव्हतं. मिस्त्रीने जास्त फोडलं.’

निखिल म्हणाला, ‘नाही आत्या, दार करायचं होतं. आई किती दिवस म्हणत होती, किचनमधून सीधं इकडे यायला रस्ता पाहिजे.’

‘मुझे तो बोली थीं कि खिडकी,’ ऋचा म्हणाली. ‘म्हणजे, ताटं द्यायला. वरती फळी, त्याच्यावर ठेवायचं. मम्मींनी मला हाताने दाखवलं पण होतं, एवढी.’ तिने हात पसरून दाखवलं. मग तिला स्वतःलाच खात्री वाटेना. तिने हात थोडे जवळ आणले. ‘नाही, एवढी.’

‘आणि तुला काय म्हणाली होती?’ अक्काने मला विचारलं.

‘मला म्हणाली, नई सडकेवर जाऊन या.’

निखिलने मिस्त्रीला बोलावलं. रामकिशन आला आणि आधी माझ्या पाया पडला, जे तो पूर्वी कधी करत नसे. भोकापाशी जाऊन त्याने कडेवरून अंगठा फिरवला. मी त्याला विचारलं, बाईंनी काय सांगितलं होतं.

‘बाबूजी, भाभीजी ने कहा था, पहले इतना खोल लो, फिर चाय पीके बताती हूँ.’

‘और कुछ?’

‘और कुछ नहीं.’

मग सगळेच एकदम बोलायला लागले. निखिल म्हणे दार, तर रामकिशन म्हणे वर पटिया टाकावी लागेल, दगडाची भिंत आहे. ऋचा म्हणे खिडकी. अक्का म्हणे, चुना आण आणि बुजव. रामकिशन एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यानेही.  रामकिशन जरा वेळ आंगणात बसला, चहा प्यायला, आणि ‘आप लोग तय कर लो, फिर बुला लेना’ म्हणून थैला उचलून गेला.

मी त्या संध्याकाळी बराच वेळ मधल्या खोलीत बसलो होतो. ‘चाय पीके बताती हूँ.’ म्हणजे तिला ठाऊक होतं आणि ती सांगणार होती? की थोडं फोडून, मागे उभं राहून, चहाचा घोट घेत बघणार होती, की उजेड कुठून येतो, आणि मग ठरवणार होती? तिची रीत मला माहीत होती. ती पडदेसुद्धा आधी टांगून मग कापायची. पण तसं असेल तर मग त्या भिंतीत पुरं करण्यासारखं तिचं काही नाहीच. मग ती माझ्यासाठी काहीही ठेवून गेलेली नाही. हा विचार आला आणि मला भीती वाटली. कशाची, ते नीट सांगता येत नाही. मी उठून दिव्याचं बटण शोधलं आणि पुन्हा हात चुकीच्या जागी गेला.

महालक्ष्म्या यायचा दिवस आला. मुखवटा घेऊन यायची ऋचाची ही पहिली वेळ. नऊवारी तिला अक्काने नेसवली, आणि नेसवताना तिचं मराठी तपासलं.

‘काय विचारायचं?’

‘इथं काय आहे.’

‘आणि मग?’

‘उदंड असो.’

‘मध्ये हिंदी घुसवू नकोस.’

‘आत्या, दोनच तर वाक्यं आहेत.’

‘दोनातसुद्धा घुसवशील तू.’

संध्याकाळी दिवेलागणीला ती दारातून आत आली. सुपात मुखवटा, त्यावर साडीचा पदर, कुंकवाच्या पावलांवर नजर. मागे अक्का ताटली वाजवत होती, आवाज अजूनही तितकाच खणखणीत. निखिल दुसरा मुखवटा धरून उभा होता. मी पुढे चालत होतो आणि घाबरलेलो होतो. पुढच्या खोलीत, ‘इथं काय आहे?’ ‘इथं देव आहेत.’ ‘उदंड असो.’ जिन्याखाली धान्य, बरोबर. कपड्यांचं यंत्र, बरोबर. माझं मलाच आश्चर्य वाटलं, मी कुठेच चुकलो नाही. मी एकाच घरातून चालत होतो.

मधल्या खोलीत पुस्तकं सांगून झाली. आता ती वळून आंगणातून स्वयंपाकघराकडे जाईल असं मला वाटलं. पण ती भिंतीपाशी थांबली. कॅलेंडर तिने सकाळीच काढून ठेवलं होतं. ते मी तेव्हा बघितलं. पलीकडच्या समईचा उजेड भोकातून येऊन तिच्या हातातल्या मुखवट्याच्या कपाळावर पडला होता.

‘इथं काय आहे?’ ऋचाने विचारलं.

ताटली थांबली. अक्का मागून दबक्या आवाजात म्हणाली, ‘कोनाडा म्हण.’ निखिल माझ्या कानाशी म्हणाला, ‘बाबा, दार.’ ऋचा काहीच सुचवत नव्हती. तिने मान वर केली होती आणि ती उत्तराची वाट बघत होती, खरोखरच वाट बघत होती, इतर जागांपाशी बघितली तशी नाही.

मला माहीत नाही, असं म्हणावंसं वाटलं. पण ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. जे आहे तेच सांगायचं होतं. मी भोकाकडे बघितलं. कडा फोडलेल्या, आत दगडावर चहाचा एक सुकलेला ओघळ, पलीकडे ओटा, त्यावर पुरणाचं पातेलं.

‘इथं काम चालू आहे,’ मी म्हणालो.

 ऋचाने क्षणभर विचार केला, उत्तर नियमात बसतं का हे पाहिल्यासारखा, आणि मग स्पष्ट आवाजात म्हणाली, ‘उदंड असो.’

ती वळून आंगणाकडे निघाली. अक्काने पुन्हा ताटलीवर चमचा मारला आणि माझ्याजवळून जाताना म्हणाली, ‘काम चालू आहे म्हणे. तू माणूस आहेस की सडकेवरची सरकारी पाटी?’ पण तिचा चमचा एकदोनदा ताटलीऐवजी बांगड्यांवर पडला.

मी असं का म्हणालो, ते मला अजून कळलेलं नाही. ते शब्द सुनंदाचे नव्हते. ती कधी असं बोलली नव्हती. माझेही वाटत नाहीत. रात्रीच्या जेवणात सोळा भाज्यांची भाजी वाढताना निखिलने विचारलं, ‘बाबा, मग रामकिशनला काय सांगू? बंद, की दार?’ मी त्याला म्हणालो, आधी कडा जरा साफ करून घे, ऋचाच्या हाताला लागतात. मग बघू. तो म्हणाला, ‘मग बघू म्हणजे?’  ऋचा म्हणाली, ‘थोडं रुंद पण करा, ताट तिरकं करावं लागतं.’ अक्काने कटाची आमटी पुढे सरकवली आणि म्हणाली, एका घरात तीन वेडी, मला मुरारला सोडून या उद्या. पण दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. महालक्ष्म्यांची पाठवणी होईपर्यंत राहिली.

हे सांगायला घेतलं तेव्हा भाद्रपद होता, आता महालक्ष्म्यांना निरोप देऊनही बरेच दिवस झाले. पाऊस गेला. रामकिशन येऊन कडा तासून गेला आणि भोक जरासं रुंद झालं. ते दार होणार, खिडकी होणार की नुसतंच राहणार, हे ठरलेलं नाही. सुनंदाला काय करायचं होतं, ते मला माहीत नाही. भिंत अर्धवट फोडलेली आहे, आणि घरात आम्ही तिघं आहोत.